जवखेड्याहून दिल्लीकडे, सोयगावच्या वाटेने

जालना लोकसभा मतदारसंघाचा नकाशा पाहिला, तर उत्तरेच्या टोकाला अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली उतरलेला एक चिंचोळा पट्टा दिसतो. हा सोयगाव तालुका. फर्दापूर, सावळदबारा, बनोटी, जरंडी, गोंदेगाव ही त्यातली ठळक गावे. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी याच तालुक्यात, लेणापूरच्या शिवारात आहेत. औरंगाबाद या जिल्ह्याच्या ठिकाणापासून सोयगाव शंभरेक किलोमीटर दूर. तिथे जायचे तर अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरवरून वळावे लागते, नाहीतर हळद्याचा घाट उतरून वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून यावे लागते. बाजारहाट जळगाव-पाचोऱ्याशी, रेल्वे पाचोऱ्याची आणि बोलीलाही खानदेशी वळण. कचेरी मात्र मराठवाड्याची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा निजामाच्या राज्याचा काठ होता. उत्तरेला काही मैल गेले की ब्रिटिश खानदेश सुरू व्हायचा.

याच मतदारसंघाचे दुसरे टोक पैठणला, गोदाकाठी, नाथसागराच्या पाण्याशी आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून जालन्याचा खासदार निवडतात. सोयगाव तालुका सिल्लोडमध्ये येतो. म्हणजे ज्याला दिल्लीला जायचे आहे त्याला एकदा तरी हा घाट उतरून लाखभर लोकसंख्येच्या या तालुक्यात यावेच लागते. सलग पंचवीस वर्षे तो घाट उतरून आलेले नाव एकच होते, रावसाहेब दानवे. १९९९ ते २०२४ या काळात ते पाच वेळा लोकसभेवर गेले, दोनदा केंद्रात राज्यमंत्री झाले, राज्यातल्या सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि सहाव्या वेळी १,०९,९५८ मतांनी हरले. त्यांची सुरुवात भोकरदन तालुक्यातल्या जवखेडा या गावच्या सरपंचपदापासून झाली होती. या पंचवीस वर्षांकडे राजधानीतून पाहण्यापेक्षा सोयगावसारख्या काठावरच्या तालुक्यातून पाहिले, तर गावपातळीच्या सत्तेने एक माणूस कसा वर नेला आणि तीच सत्ता त्याच्या हातून कशी निसटत गेली, हे अधिक स्पष्ट दिसते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पहिल्या लोकसभेच्या वेळी हा सगळा भाग हैदराबाद राज्यात होता. आजच्या जालन्याच्या जागी तेव्हा अंबड नावाचा मतदारसंघ होता आणि तिथून काँग्रेसचे हणमंतराव वैष्णव निवडून गेले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ साली जालन्याचा उमेदवार म्हणून काँग्रेसने थेट मुंबईच्या तय्यबजी घराण्यातले सैफ तय्यबजी दिले. ते निवडून आले, पण त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे घारे जिंकले. संयुक्त महाराष्ट्राचे वारे जोरात होते, त्याचा हा परिणाम. खासदार वरून ठरवायचा, त्याने सभा घ्यायच्या आणि निवडून जायचे, असा तो काळ होता. भोकरदन किंवा सोयगावकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराने दिल्लीचे स्वप्न पाहावे, यासाठी मधली एकही पायरी तेव्हा उपलब्ध नव्हती.

ती पायरी १९६२ साली बांधली गेली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात त्यावर वसंतराव नाईक समिती नेमली गेली, १९६१ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. इतर राज्यांत पंचायत समितीवर भर होता. महाराष्ट्राने जिल्हा परिषदेला खरे बळ दिले. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव, विहिरींची प्रकरणे, सगळे तिच्याकडे आले. खासदार-आमदारांना मात्र जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले गेले. त्यामुळे ग्रामीण भागात नेतृत्वाची एक नवी फळी स्वतःच्या बळावर उभी राहिली. पंचायत समितीचे काही सदस्य त्या काळी गावोगावच्या ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांनी निवडले जात. ही तरतूद आज फारशी कुणाच्या लक्षात नाही, पण तिचे महत्त्व मोठे होते. सभापती व्हायचे तर तालुक्यातल्या प्रत्येक गावचा सरपंच आणि पंच नावानिशी माहीत असावा लागे, त्यांच्या घरचे लग्न आणि मयत चुकवून चालत नसे. तालुक्याचे राजकारण करणाऱ्यांची खरी शाळा तीच.

मराठवाड्याने या शाळेतून मोठी माणसे दिली. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, पुढे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झाले. विलासराव देशमुख १९७४ साली बाभळगावचे सरपंच झाले आणि मुख्यमंत्रिपदानंतर केंद्रीय मंत्रिमंडळात पोहोचले. जालना मतदारसंघातही हे बदल दिसू लागले होते. १९७१ साली इथून काँग्रेसचे बाबुराव जंगलू काळे लोकसभेवर गेले. सोयगाव-अजिंठा पट्ट्यात हे नाव आपल्या माणसाचे म्हणून घेतले जाते. त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्याचा माणूस खडी फोडायला रस्त्यावर आला आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने त्याला जगवले. त्या कामांचे मस्टर आणि त्यांची मंजुरी, सगळे तालुक्याच्या पातळीवर चाले. सरकार म्हणजे काय, हे खेड्यातल्या पोराने त्या वर्षी पहिल्यांदा जवळून पाहिले. रावसाहेब दानवे तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८ मार्च १९५५ चा.

१९७७ ला जनता लाट आली आणि जालन्यातून पुंडलिक हरी दानवे निवडून आले. १९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसचे बाळासाहेब पवार, १९८९ ला भारतीय जनता पक्षाकडून पुन्हा पुंडलिक हरी दानवे, १९९१ ला अंबडकडच्या समर्थ साखर कारखान्याचे अंकुशराव टोपे, १९९६ आणि १९९८ ला भाजपचे उत्तमसिंह पवार. वीस वर्षांत इतक्या वेळा हा मतदारसंघ इकडून तिकडे गेला. काँग्रेसची ताकद सहकारात होती. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि सोसायट्या यांच्या जोरावर ती टिकून होती. विरोधकांकडे यातले काही नव्हते. त्यांना गावात शिरायचे तर ग्रामपंचायतीच्या दारातूनच शिरावे लागणार होते.

रावसाहेब दानवे त्याच दारातून आले. जवखेड्याचे सरपंच, मग भोकरदन पंचायत समितीचे सभापती, मग १९९० मध्ये भोकरदनचे आमदार. १९९५ ला पुन्हा आमदार. त्या वर्षी राज्यात पहिल्यांदा बिगरकाँग्रेसी युतीचे सरकार पूर्ण जोमाने आले. पुढे भोकरदन भागातल्या रामेश्वर सहकारी साखर कारखान्याशी त्यांचे नाव जोडले गेले. ज्या सहकाराच्या जोरावर काँग्रेस उभी होती, त्याच क्षेत्रात भाजपच्या माणसाने पाय रोवला, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. शेठजी-भटजींचा पक्ष अशी ओळख असलेल्या संघटनेला ऊस लावणारा, बैल ओळखणारा, गावच्या भाषेत बोलणारा माणूस मिळाला होता. त्यांच्या भाषणातली ग्रामीण ढब आणि किस्से यांची पुढे राज्यभर चर्चा झाली. पण त्या ढबीच्या मागे सभापतिपदाच्या काळात जोडलेली माणसे होती. माझ्या मते त्यांच्या पंचवीस वर्षांचे खरे भांडवल तेच.

शेजारच्या जिल्ह्यात, त्याच वर्षांत दुसरा एक माणूस दुसऱ्या वाटेने वर येत होता. औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक १९८८ ला झाली आणि शिवसेनेने साठापैकी सत्तावीस जागा जिंकून मराठवाड्यात पाय ठेवला. त्या निवडणुकीत निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी एक चंद्रकांत खैरे. १९९० ला तेही आमदार झाले, युती सरकारात मंत्री झाले आणि १९९९ मध्ये दानव्यांबरोबरच लोकसभेवर गेले. एकाने शहरातल्या वॉर्डातून सुरुवात केली, दुसऱ्याने खेड्यातल्या ग्रामपंचायतीतून. दोघांच्या टप्प्यांची वर्षे मात्र जुळली. दोघांच्या कारकिर्दीचा शेवटही एका बाबतीत सारखा झाला, त्याकडे पुढे येऊ.

१९९९ ला लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. शरद पवारांनी काँग्रेस सोडून नवा पक्ष काढला होता. त्यामुळे काँग्रेसच्या मतांत फूट पडली आणि दानवे पहिल्यांदा खासदार झाले. २००४ लाही ते टिकले. खरी कसोटी २००९ ला आली. नव्या रचनेत मतदारसंघाचा निम्मा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आला होता, त्यात सिल्लोड-सोयगाव, फुलंब्री आणि पैठण. काँग्रेसने डॉ. कल्याण काळे यांना उतरवले. दानव्यांना ३,५०,७१० मते पडली, काळ्यांना ३,४२,२२८. फरक फक्त ८,४८२ मतांचा. एवढ्या कमी फरकाच्या निकालात घाटाखालच्या तालुक्यातली मूठभर गावेही निकाल फिरवू शकली असती. त्याच वर्षी काळे फुलंब्रीतून विधानसभेवर गेले. सिल्लोड-सोयगावातून काँग्रेसचे अब्दुल सत्तार पहिल्यांदा आमदार झाले. सत्तारही स्थानिक राजकारणातून, सिल्लोडच्या नगराध्यक्षपदावरून वर आलेले. सोयगावच्या दृष्टीने पाहायचे तर पुढच्या पंधरा वर्षांची गोष्ट या दोन माणसांची आहे. भोकरदनचा सभापती दिल्लीत आणि सिल्लोडचा नगराध्यक्ष मुंबईत. दोघांनाही आपापल्या जागी टिकायचे तर सोयगाव हवे होते.

२०१४ ला नरेंद्र मोदींच्या नावावर मते पडली. विलास औताडे यांच्यावर दानव्यांनी २,०६,७९८ मतांची आघाडी घेतली आणि केंद्रात ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण खात्याचे राज्यमंत्री झाले. रामविलास पासवान त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी तेव्हा देशभर सुरू झाली होती. महाराष्ट्रात सुमारे सात कोटी लोक या कायद्याच्या लाभात येतात. सोयगावच्या एखाद्या तांड्यावरच्या बाईला दोन रुपयांचा गहू आणि तीन रुपयांचा तांदूळ मिळायचा तो याच खात्याच्या कारभारातून. गावच्या रेशन दुकानात होणारी भांडणे सरपंच म्हणून पाहिलेला माणूस त्या खात्यात बसला होता, आणि तो तिथे फार काळ राहिला असता तर बरे झाले असते असे मला वाटते. पण २०१५ च्या जानेवारीत पक्षाने त्यांना देवेंद्र फडणवीसांच्या जागी प्रदेशाध्यक्ष केले. मार्चमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

प्रदेशाध्यक्षपदाची साडेचार वर्षे त्यांच्या कारकिर्दीचा कळस होती. सरकारने २०१६ मध्ये थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत परत आणली आणि त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकांत भाजपने राज्यात सर्वाधिक नगराध्यक्ष निवडून आणले. गावोगावच्या छोट्या सत्तेचा हिशेब दानव्यांना नीट कळत होता, आणि आता तो हिशेब ते राज्यभर मांडत होते.

याच काळात एक गोष्ट घडली, ती नोंदवली नाही तर हा इतिहास अपुरा राहील. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे पीक अमाप आले. हमीभावाने खरेदी करणाऱ्या केंद्रांवर बारदान संपले, रांगा लागल्या, एप्रिलच्या अखेरीस खरेदी थांबली. मे महिन्यात जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलताना तुरीच्या प्रश्नावर दानव्यांच्या तोंडून शेतकऱ्यांविषयी एक अपशब्द गेला. राज्यभर संताप उसळला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. गावची भाषा ही त्यांची ताकद होती. तीच भाषा गावातल्याच माणसाविरुद्ध वापरली गेली, याची जखम खोल गेली. सोयगाव-सिल्लोडकडचा शेतकरी कापूस आणि मका लावणारा. तुरीच्या रांगेत तो कमी असला, तरी मोंढ्यात माल विकायला थांबण्याचे दुःख त्याला ठाऊक आहे. एखादी सभा विसरली जाते, असा शब्द विसरला जात नाही.

तरी २०१९ च्या निवडणुकीत त्याचा फटका दिसला नाही. पुलवामा आणि बालाकोटनंतरच्या त्या निवडणुकीत दानव्यांना ६,९८,०१९ मते पडली आणि औताड्यांवरची आघाडी ३,३२,८१५ वर गेली. शेजारच्या औरंगाबादेत मात्र खैरे ४,४९२ मतांनी इम्तियाज जलील यांच्याकडून हरले. तिथे हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे होते आणि त्यांनी २ लाख ८३ हजारांच्या आसपास मते घेतली. पक्षाच्या यंत्रणेबाहेर उभा राहिलेला, मराठा आरक्षणाचा प्रश्न घेऊन बोलणारा अपक्ष इतकी मते घेऊ शकतो, ही शेजारच्या मतदारसंघासाठी ताकीद होती. सव्वातीन लाखांवरच्या विजयाच्या गर्दीत ती फारशी कुणी ऐकली नाही.

दानवे पुन्हा ग्राहक व्यवहार खात्यात राज्यमंत्री झाले आणि जुलै २०२१ च्या फेरबदलात रेल्वे, कोळसा आणि खाण खात्यांत गेले. रेल्वे राज्यमंत्री जालन्याचा, ही मराठवाड्यासाठी फार मोठी गोष्ट होती. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड-काचीगुडा मार्गावर मराठवाडा शतकभर अवलंबून राहिला. अजिंठ्याच्या पायथ्याशी तर रेल्वेच नाही. जगभरातून लोक लेणी पाहायला येतात ते जळगावला किंवा औरंगाबादला उतरून रस्त्याने येतात. पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गाची गाडी सोयगावकरांना जवळची होती, तीही कोरोनाच्या वर्षी बंद झाली. जालना-जळगाव रेल्वेमार्गाचा विषय दानव्यांच्या काळात पुढे सरकला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. जालन्याला ड्रायपोर्ट आणि रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र मंजूर झाले तेही त्यांच्याच खासदारकीच्या काळात. या कामांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण ही कामे जालन्याभोवतीची होती. घाटाखाली दुसरे चित्र होते. औरंगाबाद-जळगाव रस्त्याचे काम निघाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. उखडलेल्या रस्त्यावरून अजिंठ्याचे पर्यटक घटले, फर्दापूरच्या दुकानदारांचे हंगाम बुडाले, आणि सोयगावहून जिल्ह्याला दवाखान्यात पेशंट नेणे म्हणजे शिक्षा झाली. हा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचा विषय. मतदारसंघाचा खासदार केंद्रात मंत्री असताना हे घडत होते. लोक हिशेब मांडतात तो अशा गोष्टींवरून.

आता सोयगावच्या नगरपंचायतीची गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचे धोरण राज्याने २०१४ मध्ये घेतले आणि सोयगावची ग्रामपंचायतही नगरपंचायत झाली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. दुसरी निवडणूक २०२१ च्या डिसेंबरात लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणाला स्थगिती दिलेली होती. त्यामुळे बहुतेक जागांचे मतदान २१ डिसेंबरला आणि उरलेल्या जागांचे १८ जानेवारी २०२२ ला झाले. मतमोजणी १९ जानेवारीला. अब्दुल सत्तार तोपर्यंत काँग्रेस सोडून शिवसेनेत आले होते आणि महाविकास आघाडी सरकारात राज्यमंत्री होते. एका बाजूला केंद्रातला राज्यमंत्री, दुसऱ्या बाजूला राज्यातला राज्यमंत्री, आणि मध्ये काही हजार मतदारांचे गाव. निकाल लागला तेव्हा शिवसेनेला अकरा जागा मिळाल्या होत्या आणि भाजपला सहा.

राज्यातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी एका दिवसात संपवली. १०६ नगरपंचायतींच्या निकालात सोयगावकडे कोण पाहणार? पण मला हा निकाल या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण वाटतो. ज्या माणसाची सगळी ताकद ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या राजकारणातून आली होती, त्याच्या मतदारसंघातल्या तालुक्याच्या गावात त्याच पातळीवरची सत्ता दुसऱ्याने घेतली होती. एकेका प्रभागात कोणाच्या घरी कोण जातो, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाच्या पोराला उतारा मिळत नाही, हे आता सत्तारांची माणसे सांभाळत होती. दानवे रेल्वेभवनात होते. सभापती असतानाच्या दानव्यांना हे निश्चित दिसले असते. केंद्रीय मंत्र्याला ते दिसले तरी त्यासाठी वेळ नव्हता. पुढे सत्तार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर भाजपच्या सोबतीला आले, युती झाली, तरी सिल्लोड-सोयगावातले दोघांचे वैर मिटले नाही.

आणि मग मधली पायरीच काढून घेतली गेली. मार्च २०२२ मध्ये औरंगाबाद जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक बसले. सोयगावात ही स्थिती विचित्र झाली. गावठाणाला निवडलेले नगरसेवक होते, पण आसपासच्या खेड्यांना ना जिल्हा परिषद सदस्य, ना पंचायत समिती सदस्य. ३३ टक्के आणि २०११ पासून ५० टक्के महिला आरक्षणामुळे तालुक्यातल्या बायका सभापती होऊ लागल्या होत्या, त्यांची ती वाटही या काळात बंद झाली. विहिरीचे प्रकरण अडले तर सरपंचाने जायचे कुठे? थेट गटविकास अधिकाऱ्याकडे, आणि तिथे ऐकले नाही तर कुठेच नाही.

२०२३ च्या मार्चअखेरीस फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगा गावचे तरुण सरपंच मंगेश साबळे पंचायत समितीसमोर उभे राहिले आणि त्यांनी नोटांची बंडले हवेत उधळली. रोजगार हमीतल्या सिंचन विहिरींना तेव्हा चार लाखांचे अनुदान झाले होते आणि मंजुरीसाठी पैसे मागितले जातात असा त्यांचा आरोप होता. तो व्हिडिओ राज्यभर गेला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मनोज जरांगे पाटलांचे आंदोलन घरोघर पोहोचले. मराठवाड्याचे राजकारण त्या दिवशी बदलले. साबळे त्या आंदोलनात उतरले आणि २०२४ ला जालन्यातून लोकसभेसाठी अपक्ष उभे राहिले. सरपंच ते थेट लोकसभा, मधले काहीच नाही. पंचायत समिती, जिल्हा परिषद या पायऱ्या तशाही बंदच होत्या.

१३ मे २०२४ ला मतदान झाले. काँग्रेसने पुन्हा डॉ. कल्याण काळे यांना उभे केले होते, पंधरा वर्षांपूर्वी साडेआठ हजारांनी हरलेले तेच काळे. कापसाचे भाव पडलेले, कांद्याची निर्यातबंदी नुकतीच उठलेली, आरक्षणाचा राग धगधगता. ४ जूनला निकाल आला. काळे ६,०७,८९७, दानवे ४,९७,९३९. आणि मंगेश साबळे दीड लाखाहून अधिक. शेजारच्या औरंगाबादेत पाच वर्षांपूर्वी खैऱ्यांच्या बाबतीत घडले तेच इथे घडले. यंत्रणेबाहेरून आलेल्या अपक्षाने विजयाच्या फरकापेक्षा जास्त मते घेतली. साबळे नसते तर निकाल उलटा लागला असता, असे मात्र मी म्हणणार नाही. ती मते कुणाकडे गेली असती हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. एवढे खरे की एका गावच्या सरपंचाला दीड लाख लोकांनी दिल्लीसाठी मत दिले, आणि चाळीस वर्षांपूर्वी सरपंच म्हणून निघालेल्या माणसाचा प्रवास त्याच निवडणुकीत थांबला.

दोन महिन्यांनी, ९ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. अजिंठ्याला रेल्वे मिळणार, ही गोष्ट तिथल्या पिढ्यांनी ऐकत काढली होती. ज्या खासदाराने तिचा पाठपुरावा केला, तो तेव्हा संसदेत नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. भोकरदनला दानव्यांचे पुत्र संतोष दानवे तिसऱ्यांदा निवडून आले. सिल्लोड-सोयगावात अब्दुल सत्तार जिंकले, पण फक्त २,४२० मतांनी. सोयगावची नगरपंचायत ताब्यात असलेल्या माणसालाही या तालुक्याने आता सहज जिंकू दिले नव्हते.

जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर त्या वर्षअखेरीसही प्रशासकच होते. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला चार महिन्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तोपर्यंत बनोटी, जरंडी आणि सावळदबाऱ्याच्या लोकांनी तीन वर्षांहून अधिक काळ आपला जिल्हा परिषद सदस्य पाहिला नव्हता.